बघणारा कोण, त्यावर फोटो ठरतो

प्रश्न इथल्या विद्यापीठात समाजशास्त्रात एम.ए. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा आहे. सोशल मीडियावर माणसं स्वतःला ज्या तऱ्हेनं मांडतात त्यामुळे समाज बदलतोय, की समाजच तसा असल्यामुळे ही माध्यमं अशी झाली, असं तिनं विचारलंय. सोलापूरसारख्या शहरात यात काही वेगळं दिसतं का, हेही तिला प्रकल्पासाठी हवंय.

मी प्राध्यापक नाही. नवी पेठेत आमचा स्टुडिओ आहे, वडिलांपासूनचा. आधी आयकार्ड फोटो आणि लग्नाच्या ऑर्डरी, मग डिजिटल (फ्लेक्सच्या बोर्डाला आमच्याकडे डिजिटलच म्हणतात), आणि गेली काही वर्षं दुकानदारांची इन्स्टाग्राम पानं सांभाळण्याचं काम. माणसाला जसं दिसायचं असतं तसं दाखवून देणं हाच पिढीजात धंदा असल्यामुळे या विषयावर चार गोष्टी सांगू शकतो.

पहिली गोष्ट म्हणजे, फोनमुळे माणसं खोटी झाली हे मला मान्य नाही. वडिलांच्या स्टुडिओत खिळ्याला एक काळा कोट टांगलेला असायचा आणि टेबलाच्या खणात बंद पडलेलं एक मनगटी घड्याळ. गिरणीतला कामगार यायचा, कोट चढवायचा, घड्याळ दिसेल असा हात मांडीवर ठेवायचा आणि फोटो गावी पाठवायचा. मागे पडद्यावर काश्मीरचं तळं. स्थळासाठी मुलीचा फोटो काढायचा तर कुंडी, स्टूल आणि पायापर्यंत दिसणारी साडी हे ठरलेलं, कारण मुलाकडच्यांना उंची बघायची असायची. निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीनं टचिंग करून रंग उजळला जायचा, देवीचे व्रण घालवले जायचे. "काका, जरा गोरं करा की" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय. फिल्टर त्यानंतर कितीतरी वर्षांनी आला.

मग बदललं काय? त्या कोटातल्या फोटोचा बघणारा ठरलेला होता, गावाकडची माणसं. स्थळाचा फोटो पाकिटातून ज्या घरी जायचा तिथंच बघितला जायचा आणि नकार आला की परतही मागवला जायचा. एका फोटोला एक बघणारा. आता एकच फोटो मामा बघतो, मालक बघतो, शाळेतली मैत्रीण बघते आणि उद्याचा सासराही बघतो. शिवाय कुणी बघितलं याचा हिशोब फोटो टाकणाऱ्याकडे परत येतो. माझ्या मते तुमच्या सगळ्या प्रश्नाची किल्ली इथं आहे. माणूस स्वतःला एकटा मांडत नाही, बघणाऱ्याला धरून मांडतो. बघणारे बदलले की मांडणी बदलते, आणि मांडणी बदलली की बघणाऱ्यांच्या अपेक्षाही बदलतात.

तुमच्या अभ्यासक्रमात अर्विंग गॉफमन हा समाजशास्त्रज्ञ असेलच. १९५० च्या दशकात त्यानं मांडलं की माणूस चारचौघांत रंगमंचावर असल्यासारखा वागतो आणि विंगेत गेला की सैल होतो. अलीकडच्या काळात डॅना बॉइड आणि अॅलिस मार्विक या अभ्यासकांनी सोशल मीडियाबद्दल लिहिलं की इथं वेगवेगळे प्रेक्षक एकाच जागी कोसळतात आणि कुणासाठी कोणता चेहरा घ्यायचा ते कळेनासं होतं. तुम्हाला सिद्धांत लावायचा असेल तर हे दोन पुरेत. मला ते रोज गिऱ्हाईकाच्या तोंडून ऐकायला मिळतं: "फोटो चांगला आलाय, पण आत्याला दिसला तर?"

हिशोबाबद्दल थोडं. फेसबुकनं लाइकचं बटण २००९ च्या फेब्रुवारीत आणलं. त्याआधी लग्नाचा अल्बम पाहुण्यांपुढे ठेवला की त्यांचे चेहरे दिसायचे, कोण कुठलं पान पटकन उलटतंय ते कळायचं. त्या चेहऱ्यांच्या जागी आकडा आला. पण सोलापुरात, विशेषतः तिशीच्या पुढच्या लोकांत, लाइकपेक्षा मोठी गोष्ट झाली ती व्हॉट्सअॅपचं स्टेटस. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, घरोघरी नेट पोचलं, आणि लगोलग २०१७ च्या फेब्रुवारीत चोवीस तासांनी पुसलं जाणारं फोटो-व्हिडिओचं स्टेटस आलं. त्यात खाली बघणाऱ्यांची यादी नावानिशी दिसते. इन्स्टाग्रामवरचे हजार अनोळखी लोक एकीकडे आणि जावेनं स्टेटस बघून एक शब्द न बोलणं एकीकडे! घरातली भांडणं या यादीवरून झालेली मी पाहिली आहेत. ही सोय करणाऱ्यांच्या डोक्यात जाऊ-नणंद नक्कीच नव्हत्या.

आता डिजिटलचं उदाहरण घ्या, कारण शहर आणि फोन एकमेकांना कसे ओढतात ते यात नीट दिसतं. वाढदिवसाचा बोर्ड ही सोलापुरातली जुनी हौस. त्यातला खरा मजकूर शुभेच्छांचा नसतोच. कुणाचा फोटो केवढा, नेत्याच्या किती जवळ, खाली 'शुभेच्छुक' पट्टीत कुणाचं तोंड कितव्या नंबरला, यावर सगळा खेळ. आमच्या संगणकावर रात्री बारापर्यंत मुलं मागे उभी राहून एकेक डोकं सरकवून घ्यायची. स्टेटस आल्यावर तोच बोर्ड फोनमध्ये शिरला. पोरं आपल्या 'भाऊ'च्या, म्हणजे गल्लीतल्या नेत्याच्या, वाढदिवसाला तीस-तीस स्टेटस टाकतात आणि भाऊही संध्याकाळी बसून कुणी टाकलं, कुणी नाही ते बघतो. जी रांग चौकात लागायची ती आता खिशात लागते. मग उलटा प्रवास सुरू झाला. पूर्वी बोर्ड आडवा असायचा, आता गिऱ्हाईक म्हणतं, "उभं करा काका, स्टेटसच्या साईजमध्ये." कित्येकदा बोर्ड छापलाच जात नाही, नुसतं डिझाइन पुरतं. आणि छापलाच तर अनेक जण तो सात रस्त्याला किंवा पार्क चौकाकडे तासभर लावून फोटो घेतात, मग पालिकेची गाडी येईना का. चौकातल्या बोर्डाचं आयुष्य आता त्याच्या फोटोपुरतं राहिलंय.

सोलापुरात वेगळं काय, याचं उत्तर भाषेत आहे. इथं पूर्व भागात घरात तेलुगू बोलतात, दुसऱ्या पेठेत कन्नड, कुठं उर्दू वळणाची दखनी, आणि बाजारात सगळ्यांची मराठी. माणूस रोज गल्ली ओलांडताना भाषा बदलतो आणि भाषेबरोबर थोडा स्वतःही बदलतो. यात कुणाला ढोंग वाटत नाही, इथं जगण्याची ती रीतच आहे. अशा माणसाला जेव्हा फोन म्हणाला की एकच नाव, एकच फोटो, एकच भिंत, तेव्हा त्याची पंचाईत झाली. माझ्याकडे काम करणारा एक मुलगा बघा. आईशी तेलुगूत व्हॉइस मेसेज, मित्रांच्या ग्रुपवर मराठी, इन्स्टाग्रामवर हिंदी गाण्यांच्या रील, प्रोफाइलवरच्या दोन ओळी इंग्रजीत आणि गावाच्या जागी 'पुणे'. पुण्याला तो अजून नोकरीसाठी गेलेलाही नाही. पण त्याच्या वर्गातली निम्मी मुलं शिक्षणाला किंवा नोकरीला तिकडं गेलीत आणि बघणारे तिथं आहेत.

या पंचाइतीतून लोकांनी वाटा काढल्या, आणि तुमच्या प्रश्नाचा अर्धा भाग इथं सुटतो. इन्स्टाग्रामवर पोरांनी दुसरं खातं काढलं, नातेवाईकांना न सांगता. एकाच अॅपमध्ये दोन खाती सहज बदलायची सोय कंपनीनं २०१६ मध्ये दिली आणि 'क्लोज फ्रेंड्स' २०१८ च्या शेवटी. म्हणजे भिंती लोकांनी आधी हातानं उभारल्या, अॅपनं नंतर त्यांना दरवाजे बसवून दिले. त्याहून ठळक उदाहरण बायकांच्या फोटोंचं. आमच्याकडच्या अनेक बायका डीपीला फूल ठेवतात, देव ठेवतात, मुलाचा फोटो ठेवतात. स्वतःचा चेहरा नाही. कारण सगळ्यांना माहीत आहे: फोटो कुणीतरी उचलेल, कुठंतरी चिकटवेल आणि बोलणी तिलाच बसतील. ही भीती देशभर होती. २०१७ मध्ये फेसबुकनं प्रोफाइल फोटोला निळ्या कडेचं संरक्षण देणारी सोय भारतातच पहिल्यांदा आणली आणि २०२० मध्ये पूर्ण प्रोफाइल कुलूपबंद करायची. भारतातल्या बायका चेहरा का दाखवत नाहीत हे विचारल्यावर केलेल्या या गोष्टी आहेत. समाज माध्यमाला घडवतो का, असं कुणी विचारलं तर मी आधी हे दाखवीन. एवढ्या बायकांनी गप्प बसून, नुसता फोटो न टाकून, परदेशातल्या कंपनीला हलवलं.

दुसरं उदाहरण कडू आहे, पण आपल्या जिल्ह्यातल्या माणसांचं आहे म्हणून टाळता येत नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सअॅपवर फिरत होती. मेलेले लोक नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे, बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले. त्या काळात देशात अशा घटना लागोपाठ घडल्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं 'फॉरवर्डेड' अशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एक मेसेज एकावेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पुढच्या वर्षी ती जगभर लागू झाली. तुम्ही म्हणाल यात स्वतःला मांडण्याचा संबंध काय. संबंध असा की या लोकांना स्वतःबद्दल सांगायची संधीच नव्हती. त्यांची ओळख त्यांच्या आधी गावात पोचली होती, दुसऱ्या कुणी तरी लिहिलेली.

असंच २०१४ च्या जूनमध्ये पुण्यात हडपसरला झालं. फेसबुकवर महापुरुषांची विटंबना करणारी चित्रं फिरली, तणाव पेटला, आणि नमाज पढून परतणारा आपल्या सोलापूरचा एक तरुण संगणक अभियंता मारला गेला. त्या पोस्टशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. दाढी आणि कपडे एवढ्यावरून तो 'ओळखला' गेला. प्रकल्पात स्वतःला मांडणं म्हणजे सेल्फी एवढंच धरू नका. कुणाला स्वतःचं चित्र स्वतः काढता येतं आणि कुणाचं दुसरेच काढतात, हा भाग गॉफमनच्या रंगमंचापेक्षाही मला महत्त्वाचा वाटतो.

आता धंद्यातली गोष्ट, कारण ती मी जवळून बघतो. चादर-टॉवेलच्या एका कारखानदाराचं इन्स्टाग्राम पान आम्ही चालवतो. सुरुवातीला त्यांनी पाठवलेले फोटो बघा: नवं ऑफिस, काचेचं दार, मुलगा गॉगल घालून गाडीला टेकलेला. पान हलेना. एकदा माग चालू असतानाचा व्हिडिओ टाकला, जेकॉर्डच्या (नक्षीसाठी भोकं पाडलेल्या) पत्त्यांवरून नक्षी कशी उतरते ते, मागाच्या मूळ खडखडाटासकट. पुण्या-मुंबईहून विचारणा सुरू झाल्या. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, नकली मालही बाजारात खूप आहे, त्यामुळे बाहेरच्या गिऱ्हाईकाला माग बघायचाच असतो. गंमत अशी की त्याच मालकाच्या स्वतःच्या स्टेटसवर आजही माग कधीच येत नाही. तिथं गाडी, गोव्याची सहल, मुलीच्या शाळेचं बक्षीस. कारण स्टेटस बघतात शेजारी आणि व्याही, आणि त्यांच्या घरी मागाचा आवाज रोजचाच. पुण्याच्या माणसाला अस्सलपणा हवा, शेजाऱ्याला बरकत. माणूस एकच, दोन्हीकडे खरंच दाखवतो, फक्त निवडून.

हा खेळ सगळ्यांना परवडत नाही, हेही लिहा. विड्या वळणाऱ्या बायकांचे फोटो आमच्याकडे येतात ते लग्नातले, वारीतले, नातवाच्या बारशाचे. सुपात पानं-तंबाखू घेऊन बसलेली बाई बातमीत दिसते, बाहेरून आलेल्या फोटोग्राफरच्या फ्रेममध्ये दिसते, तिच्या स्वतःच्या डीपीला नाही. १९ जानेवारी २०२४ ला सोलापूरजवळ कुंभारीच्या रे नगर वसाहतीत पंधरा हजार घरं कामगारांना मिळाली. पंतप्रधान आले होते म्हणून देशानं ते पाहिलं. त्यानंतर माझ्याकडे मोठे करून घ्यायला आलेल्या फोटोंत एकच पोज: बंद दार, दारावर नंबर, आणि बाई दाराला हात लावून उभी. हे असं उभं राहा म्हणून कुणी शिकवलं नव्हतं. विडी लपवणारी तीच बाई दार दाखवते, आणि मला त्यात दिखाऊपणा दिसत नाही.

वर्गाचा आणखी एक धागा. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली आणि जुलैत इन्स्टाग्रामनं भारतात रील सुरू केल्या. उसाच्या फडातून, मेंढरांमागून, गॅरेजमधून व्हिडिओ करणारी आपल्या जिल्ह्यातली पोरं इन्स्टाग्रामवर आली, आणि तिथं आधीपासून बसलेल्यांनी त्यांच्या केसांच्या रंगापासून कपड्यांपर्यंत नावं ठेवली. अॅप एकच, पण त्यातही पेठा पडल्या. कोण कुणाला हसतं ते बघितलं की शहरातली उतरंड जशीच्या तशी सापडते.

बदल वाईटच असतो असं नाही, त्याचं उदाहरण गड्ड्याच्या यात्रेचं. संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वज (मानाच्या उंच काठ्या) धरणारे पांढरी बाराबंदी, म्हणजे बंदांचा जुना अंगरखा, घालतात. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे संक्रांतीच्या आधी बाराबंदी घालून फोटो काढायला येणारी कॉलेजची मुलं वाढली. ज्यांच्या घरात कधी कुणी नंदीध्वजाला खांदा दिला नाही अशीही येतात. जुनी माणसं कुरकुरतात, रीलसाठी देव आठवला म्हणतात. असेलही. पण तीच मुलं मग तैलाभिषेकाच्या मिरवणुकीबरोबर अडुसष्ट लिंगांच्या वाटेनं चालतात आणि कुठलं लिंग कुठल्या गल्लीत आहे ते सांगू लागतात, जे मला या वयात धड सांगता येत नाही. दुसरी बाजूही आहे. यात्रेतल्या लग्नाच्या, म्हणजे अक्षता सोहळ्यात, संमती कट्ट्यापुढे लोकांचा एक हात फोन धरून वर असतो, त्यामुळे अक्षता एकाच हातानं पडतात. बघणारा आता देवाच्या दारातही सोबत असतो.

लग्नांबद्दल थोडक्यात सांगतो, त्यावर तुमच्या वर्गातच माहिती मिळेल. कांदेपोह्यांच्या आधी दोन्हीकडची मंडळी एकमेकांची खाती चाळतात. मुलीचं खातं खाजगी असेल तर "काही लपवतेय का" आणि उघडं असेल तर "फार मोकळी दिसते" अशा दोन्ही बाजूंनी ती अडकते. मुलाच्या खात्याला हा नियम लागत नाही. ही मोजपट्टी फोननं आणलेली नाही. पूर्वी ती चौकशीला जाणाऱ्या मामाच्या हातात होती, आता घरबसल्या सगळ्यांच्या हातात आहे. त्यामुळे मुली लग्न ठरायच्या वर्षात जुने फोटो काढून टाकतात. माझ्याकडेही येतात, "तुमच्या पेजवरचा आमचा डान्सचा व्हिडिओ काढा" म्हणून. मी काढतो, कारण विचारत नाही.

आता प्रकल्पाचं. दिवसाला किती तास फोन वापरता, अशी प्रश्नावली वाटत बसू नका, तिची उत्तरं सगळे ठोकून देतात. त्यापेक्षा दहा-पंधरा माणसं निवडा, वेगवेगळ्या भागांतली, म्हणजे पूर्व भाग, विजापूर वेस, जुळे सोलापूर, एखादं जवळचं खेडं. त्यांना विचारा की स्टेटस कुणापासून लपवून ठेवलंय. 'यांच्याशिवाय सगळे' ही जी यादी प्रत्येकाच्या फोनात असते तिच्यात त्या माणसाचा सगळा समाज असतो. नावं लिहून घेऊ नका, नाती लिहा: काका, सर, जुना मित्र, ठेकेदार. मग विचारा की गेल्या महिन्यात काढलेला पण न टाकलेला असा कुठला फोटो आहे, आणि का नाही टाकला. फोटो दाखवायला लावू नका, सांगितलं तर ऐका. स्क्रीनशॉट तर घेऊच नका, आणि जे काही घ्याल त्याला लेखी परवानगी असू द्या, विशेषतः मुलींच्या बाबतीत घरच्यांची नव्हे, तिची.

आणि प्रत्येक घरात एका तरी अशा माणसाशी बोला ज्याच्याकडे फोन नाही किंवा साधा बटणांचा आहे. आजीला विचारा की तुमचा फोटो कोण टाकतं, कुठला टाकतं, आणि टाकायच्या आधी तुम्हाला दाखवतं का.